ताणलेल्या दोरीचं शिक्षण

चांदूर रेल्वेत सकाळी सहाच्या सुमाराला अमरावतीच्या किंवा कुऱ्ह्याच्या रस्त्यानं निघालं, की फिरायला आलेल्यांत दोन-चार कुत्रेवाले हमखास दिसतात. पुढे जीभ बाहेर काढून, घशातून घरघर करत चाललेलं लॅब्रॉडॉर आणि मागे हात लांबवून तिरपा झालेला माणूस. चहाच्या टपरीवरून ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, तुमी कुत्र्याले फिरवून राह्यले का कुत्रं तुमाले?" माणूस ओशाळं हसतो, साखळीला एक हिसका देतो आणि पुन्हा ओढला जातो. काही महिन्यांनी तो माणूस त्या रस्त्यावर दिसेनासा होतो. कुत्रं मात्र घरीच असतं, फाटकामागे बांधलेलं. ओढण्याचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही तो याच कारणानं. ओढणारं कुत्रं कमी फिरवलं जातं, कमी फिरलेलं कुत्रं जास्त उसळतं, आणि जास्त उसळणारं कुत्रं आणखी जोरात ओढतं.

या ओढण्याची तीन निदानं गावात ऐकू येतात. एक, जातच तशी. दोन, लाडावून ठेवलं. तिसरं निदान जरा वाचलेल्यांचं: कुत्रं स्वतःला टोळीचा नायक समजतं, म्हणून पुढे चालतं. पहिल्यात थोडं तथ्य आहे. लॅब्रॉडॉर काय, जर्मन शेफर्ड काय, ही दिवसभर काम करण्यासाठी पैदा केलेली कुत्री. त्यांना शंभर चौरस फुटांच्या अंगणात ठेवलं तर अंगातला जोर कुठेतरी निघणारच. दुसऱ्यात फारसं नाही. तिसरं तर साफ चुकीचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

खरं कारण साधं आहे. कुत्र्याची स्वाभाविक चाल म्हणजे दुडकी, माणसाच्या चालण्याहून ती चांगलीच वेगवान. त्यात बाहेरचं सगळं जग त्याच्या नाकाला हाका मारत असतं. विजेचा खांब दिसला की कुत्रं पुढे झेपावतं, दोरी ताणली जाते, माणूस दोन पावलं मागोमाग जातो आणि खांब जवळ येतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये खटक्याच्या पेट्यांत मांजरं ठेवून जे दाखवलं ते एवढंच होतं, की ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती पुन्हा होते. ओढलं की खांब मिळतो. ताणलेल्या दोरीमागे टाकलेलं आपलं प्रत्येक पाऊल ही त्या ओढण्याची मजुरी आहे आणि ती आपण रोख मोजतो. कधी वैतागून थांबलो, कधी घाई म्हणून जाऊ दिलं, तर प्रकरण आणखी चिवट होतं. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवयीला सर्वांत घट्ट धरून ठेवतं, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी पुढे पक्कं केलं. "कधी कधी ऐकते, कधी कधी नाही ऐकत," अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा माणूसच कधी कधी नियम पाळत असतो.

मागे ओढलं की पुढे रेटायचं, ही कुत्र्याची उपजत खोड आहे असंही प्रशिक्षक सांगतात आणि त्यासाठी पावलॉवचं नाव घेतात. पट्ट्यांत बांधून उभं राहायला काही केल्या तयार न होणारा एक कुत्रा पावलॉवच्या प्रयोगशाळेत होता. त्या वागण्याला त्यानं स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं होतं. त्या निरीक्षणावर एवढा मोठा डोलारा उभा करायची गरज नाही. पिल्लाला दोरीचा हलका ताण जाणवला की ताणाच्या दिशेनं वळायला शिकवता येतं आणि ते चटकन शिकतंही.

वऱ्हाडात तर हे नवीन वाटू नये. गोऱ्हा जुवाला लावताना जाणता माणूस कासरा सतत ताणून धरत नाही. कासऱ्याला ताण येतो तो खूण म्हणून; बैलानं मान वळवली की त्याच क्षणी तो ढिला पडतो, आणि त्या ढिलेपणातून बैल शिकतो. शेजारच्या तळेगाव दशासरला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जुनी परंपरा आहे, म्हणजे जनावराचा जोश आणि माणसाचा हात यांचं नातं या भागाला शिकवायला नको. तरी तोच माणूस घरी येऊन कुत्र्याची साखळी हातात घेतो तेव्हा ती पहिल्या पावलापासून आखडून धरतो. कुत्र्याला ढिली दोरी कशी लागते हे कधी कळतच नाही, मग ती पसंत कुठून पडणार?

ओढणं थांबवण्याचे जे उपाय आज सांगितले जातात त्यांचा उगम दोन वेगळ्या घराण्यांत आहे. पहिलं घराणं पोलीस आणि लष्कराचं. जर्मनीत कॉनराड मोस्ट यानं १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. दोन महायुद्धांत हजारो कुत्री त्या धर्तीवर तयार झाली आणि युद्धानंतर ते प्रशिक्षक घरगुती कुत्र्यांकडे वळले. गळ्यात आवळणारी साखळी, म्हणजे आपल्याकडची चोक चेन, आणि वेळेवर दिलेला हिसका हे त्यांचं मुख्य हत्यार. अमेरिकेत विल्यम कोहलर याचं १९६२ चं पुस्तक याच वळणाचं. त्यात लांब दोरी बांधून कुत्रं बेसावध असताना मालकानं उलट दिशेला चालू लागायचं. बीबीसीवर १९८० मध्ये बार्बरा वुडहाउस या बाईंनी तीच साखळी घरोघरी पोचवली.

लांडग्यांची गोष्ट याला मागून येऊन चिकटली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं वर्णन केलं. एकमेकांशी नातं नसलेले ते लांडगे आपसांत भांडत, त्यांतून नायक ठरे. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात ती कल्पना उचलली आणि ती जगभर पसरली. पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. नायकपदाची लढाई तिथे नसतेच. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागेही लागले. ज्यानं कल्पना रूढ केली त्यानंच ती मागे घेतली, पण आपल्याकडे अजून "त्याले दाखवून द्या, मालक कोन हाय" हा सल्ला बिनदिक्कत चालतो. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, आधी तुम्ही जेवा, मग कुत्रं ओढणार नाही! जेवणाचा आणि दोरीचा संबंध मला तरी आजवर कुणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

दुसरं घराणं प्रयोगशाळेतलं. स्किनर यांनी १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला. टिकटिक वाजणारं खेळणं घ्या, हवी ती हालचाल झाली की त्याच क्षणी वाजवा, लगेच खाऊ द्या, असा त्याचा गाभा. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी हा धंदाच केला. कॅरन प्रायर या बाईंनी डॉल्फिनांना शिकवताना वापरलेली हीच रीत १९८४ च्या पुस्तकातून कुत्रेवाल्यांपर्यंत आणली. नॉर्वेच्या टुरिड रुगोस यांनी तर फक्त ओढणाऱ्या कुत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे.

दोन्हींपैकी खरं कोण, हे आता केवळ मताचं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मालकांच्या पाहणीत बक्षिसानं शिकवलेली कुत्री जास्त आज्ञाधारक आढळली आणि शिक्षेचा वापर जिथे जास्त तिथे वागण्याच्या तक्रारीही जास्त. पाहणीच ती, तीत कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सुटत नाही. बिघडलेल्या कुत्र्यालाच मार जास्त बसत असेल. म्हणून पोर्तुगालमधलं २०२० चं काम मला अधिक वजनाचं वाटतं. तिथे वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतली ९२ कुत्री तपासली. हिसके आणि धाक वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. अमेरिकेतल्या वर्तनविषयक पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये बक्षिसाच्याच रीतीची शिफारस केली. चोक चेननं कुत्रं सरळ चालतच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. जाणत्या हातात, अचूक क्षणी दिलेल्या हिसक्यानं ते चालतं. पण तो क्षण चुकला की उरतो तो फक्त गळ्याचा त्रास, आणि घरच्या माणसाचा क्षण बहुतेक वेळा चुकतो.

यावर महाराष्ट्रात पोलिसांच्या श्वानपथकाचं उदाहरण हटकून येतं. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या सीआयडीच्या केंद्रात तयार झालेला मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्रॉडॉर १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात स्फोटकं शोधून नावाजला. २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला मानानं निरोप दिला गेला. लोक विचारतात, पथकातली कुत्री कशी डाव्या पायाला चिकटून चालतात, मग आपलं का नाही? कारण तिथे कुत्र्याबरोबर ठरलेला हँडलर असतो, महिनोन्‌महिने दुसरं काम नसतं, आणि कुत्रंही निवडून घेतलेलं असतं. शिवाय डाव्या पायाला चिकटून चालणं ही कवायत आहे. आपल्याला कवायत नको आहे. कुत्रं दोन हात पुढे असो, मागे असो, उजवीकडे असो; दोरी ढिली आहे ना, मग झालं. एवढी मागणी कमी केली की काम निम्म्यानं हलकं होतं.

सामानाबद्दल बाजारात सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. गळ्यातला पट्टा ओढला की डोळ्याच्या आतला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्यानं वाढत नाही, असं २००६ मधल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात दिसलं. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्याच्या मानेच्या नमुन्यावर तऱ्हेतऱ्हेचे पट्टे ओढून पाहिले, तर रुंद, मऊ, अस्तरवाला असा कोणताच पट्टा पूर्ण निर्धोक ठरला नाही. वऱ्हाडात घरोघरी पॉमेरेनियन आहेत आणि या जातीत श्वासनलिका चपटी पडण्याची प्रवृत्ती असते. ओढताना कोरडा खोकला येत असेल तर तो "सर्दी झाली" म्हणून सोडू नये. पग आणि तत्सम चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना गळ्यावर ओढ मुळीच नको.

मग छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घेतला की झालं? नाही. दुकानात सर्वांत सहज मिळतो तो पाठीवर कडी असलेला. बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना जुंपतात तेही छातीवरच जोर घेऊन, कारण तसं ओढणं सोयीचं जातं. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या २०२१ च्या अभ्यासात नेमकं हेच मोजलं गेलं: पाठीवर कडी असलेल्या पट्ट्यात कुत्री गळपट्ट्यापेक्षा जास्त जोरानं आणि सलग ओढत होती. गळा वाचला, खांदा आपला गेला. छातीवर समोर कडी असलेला हार्नेस मिळतो. त्यात ओढलं की कुत्रं बाजूला वळतं, जोर मोडतो. माझी पसंती त्यालाच. बगलेत घासतो का ते पाहावं, चोवीस तास अंगावर ठेवू नये. तोंडावर बसणारा हेड कॉलर म्हणजे बैलाची म्होरकीच. ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड आणि अमेरिकेत आर. के. अँडरसन यांनी तो कुत्र्यांसाठी आणला. पन्नास किलोच्या कुत्र्याला साठ किलोच्या बाईनं सांभाळायचं असेल तर तो उपयोगी आहे, मात्र आठवडाभर खाऊ दाखवत सवय लावावी लागते, आणि त्याला हिसका दिला तर मान मुरगळते. गुंडाळी असलेली आपोआप लांबणारी दोरी घेऊ नये. ती सतत किंचित ताणलेलीच असते, म्हणजे ताणलेली दोरी हीच रीत असं ती कुत्र्याला शिकवते. काट्यांचे पट्टे आणि विजेचे झटके देणारे पट्टे ऑनलाइन सर्रास विकले जातात. वेल्सनं झटक्याच्या पट्ट्यांवर २०१० मध्येच बंदी घातली. तेही घेऊ नयेत, एवढंच म्हणून पुढे जातो.

उरलं काय? सुमारे दोन मीटरची साधी दोरी किंवा पट्टी, आणि मोकळ्या जागेसाठी एक लांब दोर. तो पेट शॉपमध्येच शोधायला नको. आठवडी बाजारात मिळणारा सुताचा कासरा उत्तम चालतो. नायलॉनचा हात कापतो. लांब दोर मात्र छातीच्या पट्ट्यालाच बांधायचा, गळ्याला कधीही नाही.

आता प्रत्यक्ष शिकवणी. ती रस्त्यावर सुरू होत नाही, अंगणात किंवा गच्चीवर होते. चिकनच्या दुकानातून थोडी कलेजी आणून बिनमसाल्याची उकडावी, हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. भाकरीच्या तुकड्यावर अंगणात भागेल, बाहेर कोंबडी दिसली की भाकरीला कोण विचारतो! (कांदा-लसूण घातलेलं, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान, ते कधीच नाही.) दोरीचं टोक अंगठ्यात अडकवून मूठ पोटाशी टेकवावी, म्हणजे हात आपोआप पुढे जात नाही. एक पाऊल टाकावं. कुत्रं बरोबर आलं की "शाब्बास" म्हणून तुकडा पँटच्या शिवणीपाशी द्यावा. हात पुढे लांबवून तुकडा दिला तर कुत्रं पुढे जायलाच शिकतं. जिथे तुकडा मिळतो तिथे ते येऊन थांबतं. आधी पावलागणिक, मग तीन पावलांनी, मग कधी दोन, कधी सात.

दोरी ताणली की पाय थांबवायचे. ओरडणं नाही, हिसका नाही. उभं राहायचं. कुत्रं क्षणभर पुढे रेटेल, मग मागे वळून पाहील आणि दोरीला झोळ पडेल. झोळ पडला त्या क्षणी "शाब्बास" आणि पुन्हा चाल. इथे एक पेच आहे. हुशार कुत्रं ओढणं, थांबणं, मागे येणं, तुकडा खाणं अशी साखळीच शिकतं आणि तुकड्यासाठी मुद्दाम ओढू लागतं. म्हणून परत आल्याबरोबर तुकडा द्यायचा नाही. चालू लागायचं, पाच-सहा पावलं दोरी ढिली राहिली की मग द्यायचा. ओढण्याआधीच दिशा बदलणं हा दुसरा उपाय मोकळ्या वावरात छान चालतो, अरुंद गल्लीत त्यानं दोघांचेही पाय गुंततात.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस मात्र रस्त्यावरच फुकट पडलेलं असतं. कुत्र्याला खांब हुंगायचा आहे ना? मग ढिल्या दोरीनं चार पावलं चाल, "जा" म्हटलं की खांब तुझा. मनापासून हवी असलेली गोष्ट नावडत्या गोष्टीमागे बक्षीस म्हणून ठेवायची, हे तत्त्व डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं. आधी पोळी संपव, मग आंबा, हे आपल्या आज्यांना त्याच्याही आधी ठाऊक होतं. हुंगू देणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. ड्युरँटन आणि होरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात नाकानं शोधायचे खेळ खेळलेली कुत्री नुसत्या आज्ञा गिरवणाऱ्या कुत्र्यांपेक्षा जास्त आशावादी वागली. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन जसं निवांत पसरतं तसं तासभर खेचाखेचीनंतर पसरत नाही.

एवढं सगळं सांगूनही काही घरांत फरक पडत नाही, कारण तिथलं खरं दुखणं रस्त्यावर नसून फाटकाशी आहे. खिळ्यावरची साखळी खुळखुळली की कुत्रं गोल गोल फिरतं, भुंकतं, अंगावर उड्या घेतं. घरातले हसतात, "पाहा, कसा खूश झाला," आणि त्याच भरात कडी अडकवून दार उघडतात. उत्तेजन एका मर्यादेपलीकडे गेलं की शिकणं खालावतं, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. त्या अवस्थेत कुत्र्याला कलेजी नाकाशी धरली तरी ते घेत नाही. तेव्हा शिकवणी फाटकाच्या आत हवी. दोरी दिवसातून दोन-तीनदा उगाच हातात घ्यावी आणि ठेवून द्यावी. उडी मारली तर दोरी खिळ्यावर परत. चारही पाय जमिनीवर आले की कडी, बसलं की दार. पहिले काही दिवस फाटकापर्यंत जाण्यातच सगळा वेळ संपेल. संपू द्यावा. कॅरन ओव्हरॉल या पशुवैद्य बाईंनी कुत्र्याला शांत बसायला शिकवण्याचा पंधरा दिवसांचा पाठच तयार केला आहे; त्यात कुत्रं चटईवर बसलेलं आणि माणूस टाळी वाजवतो, दाराआड जाऊन येतो, जागच्या जागी पळतो. शेजारी काय म्हणतील हा प्रश्न आहेच.

"आधी दमवा, मग ओढणार नाही," हा उपाय गावात लोकप्रिय आहे आणि त्याचं टोक म्हणजे मोटारसायकलवरून कुत्रं पळवणं. एका हातात ॲक्सिलरेटर, दुसऱ्या हातात साखळी. वाढत्या वयाच्या कुत्र्याच्या सांध्यांची त्यात वाट लागते, उष्माघाताचा धोका वेगळाच, आणि ताणलेल्या साखळीनं पळण्याचा सराव रोज होतो तो निराळा. दमलेलं कुत्रं त्या दिवसापुरतं गप्प राहतं. शिकलेलं नसतं, उलट दम वाढतो.

दिवसभर बांधून ठेवण्याबद्दल तर कायदाच बोलतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन पोटकलमं आहेत: अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं, आणि नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं. दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे धाक वाटावा असं त्यात काही नाही. पण फाटकाशी बांधलेलं कुत्रं दिवसातून शंभरदा जाणाऱ्या-येणाऱ्यांवर साखळी ताणून झेपावतं, आणि आपण संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याला त्याच्या उलट शिकवू पाहतो. साखळी सोडून अंगणाचं दार बंद ठेवलं तर निम्मी शिकवणी तिथेच होते.

परदेशी पुस्तकांत जे सापडत नाही ते म्हणजे आपली गल्ली. परदेशात ओढणाऱ्या कुत्र्यापुढे शेजाऱ्यांचं दुसरं पट्ट्यातलं कुत्रं येतं; आपल्याकडे प्रत्येक वळणावर मोकळ्या कुत्र्यांची एक टोळी असते आणि तिची हद्द ठरलेली असते. आपलं कुत्रं पुढे ओढत त्या हद्दीत घुसतं, मान वर, छाती पुढे, दोरी ताठ. समोरच्यांना ते भांडणाचं आव्हान दिसतं. त्यात आपण दगड उचलतो, आपलं कुत्रं आणखी चेकाळतं. त्यापेक्षा कुठल्या गल्लीत कोणती कुत्री कुठे बसतात हे दोन दिवस आधी एकट्यानं फिरून पाहावं आणि रस्ता ठरवावा. लांबून दिसली की आपलं कुत्रं अजून शांत आहे तोवरच थांबावं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं की तुकडा, परत पाहिलं की परत तुकडा. अंतर हळूहळू कमी करायचं, एका दिवसात नाही. अंगावर आलीच तर मूठभर खाऊ त्यांच्याकडे फेकून वळायचं. आपल्या कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण झालेलं नसेल तर फिरवण्याच्या गोष्टीच नकोत. आणि कुणाला चावलंच, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन थेट सरकारी दवाखाना.

त्या गावठी कुत्र्यांना कमी लेखू नये. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतातल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत. अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा भेटून कुरवाळलं तर या कुत्र्यांचा विश्वास नुसत्या खाऊपेक्षा जास्त बसतो, असं त्यांना २०१७ मध्ये आढळलं. माणसानं बोट दाखवलं तर तिकडे जाण्याची समजही त्यांच्यात आहे. घरी आणलेलं गावठी पिल्लू दोरीवर चालायला लॅब्रॉडॉरइतकंच चांगलं शिकतं, वर वऱ्हाडच्या उन्हाला ते जास्त टिकतं.

ऊन हा इथला मोठा मास्तर. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. हाताला सोसवत नसेल तर पंजालाही सोसवणार नाही. उन्हाळ्यात पहाट आणि रात्र, एवढ्याच वेळा. पण पहाटेच्या अंधारात मालखेडच्या बाजूनं, पोहरा-मालखेडच्या जंगलालगत कुत्रं घेऊन जाऊ नये. तिथे बिबटे आहेत आणि बिबट्याला कुत्रं आवडतं. नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपल्या अकोल्यात नव्हे) विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकळ्या कुत्र्यांचा निघाला. पावसाळ्यात गवतातून फिरवून आणलं की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत.

शिकवणी बाहेर द्यावी का? मोठ्या शहरांत महिनाभर कुत्रं ठेवून घेऊन शिकवणारे आहेत. अशा ठिकाणाहून आलेलं कुत्रं त्या प्रशिक्षकापुढे सुरेख चालतं आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा ओढू लागतं, कारण घरच्या माणसांचे पाय बदललेले नसतात. प्रशिक्षक गाठायचाच तर जो तुम्हाला शिकवतो तो गाठावा, आणि पहिल्या भेटीत चोक चेन बाहेर काढतो तो टाळावा. कुत्रं अचानक ओढू किंवा अडू लागलं, लंगडतं, खोकतं असं असेल तर आधी पशुवैद्य. चांदुरातून अमरावती तीसेक किलोमीटर. गुंतागुंतीचं दुखणं असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेत.

घरात नियम एकच हवा. बाबा थांबतात, मुलगा पळतो, आजोबा "जाऊ दे न बिचाऱ्याले" म्हणतात, अशा घरात कुत्रं माणूस पाहून ओढतं. ज्या दिवशी घाई आहे, शिकवायला वेळ नाही, त्या दिवसासाठी एक तोड आहे: हार्नेसला दोन्ही कड्या असतील तर पाठीवरची कडी लावायची आणि त्या दिवशी नियम नाही, छातीवरची कडी लावली की नियम आहे. कुत्र्याला हा फरक आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो.

किती दिवस लागतील, हे कुत्र्यानं आजवर किती ओढलंय त्यावर आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लू घरी येतं ते दोन महिन्यांचं, लसी पूर्ण व्हायच्या आधी, अंगणातच राहण्याच्या वयात. ढिल्या दोरीचा पाठ घालायला तेवढे आठवडे पुरतात. चार वर्षं ओढलेल्या कुत्र्याला महिने लागतील, आणि मधे दोन-तीनदा सगळं पुन्हा बिघडल्यासारखं वाटेल. तोवर छातीवर कडी असलेला पट्टा वापरा, रस्ता मोकळा निवडा, आणि लहान मुलानं कितीही हट्ट केला तरी दोरी त्याच्या हाती देऊ नका.